युव्हायटिस कुठे मोजला? भारतातल्या आकड्यांचा इतिहास, नगर जिल्ह्यातून पाहताना

सिनॉप्सिसचं पहिलं पान ठरलेलं असतं. "भारतात या आजाराचं प्रमाण इतके टक्के आहे", पुढे कंसात एक-दोन आडनावं आणि साल. पेट पास होऊन विषय शोधणारे बरेच जण हे वाक्य दुसऱ्याच्या सिनॉप्सिसमधून उचलतात, आणि त्यानं ते तिसऱ्याच्या थिसिसमधून उचललेलं असतं. आज असंच एक वाक्य उलगडून बघू: भारतात युव्हायटिस किती, आणि कशामुळे होतो?

आधी आजार कोणता ते स्पष्ट करतो, कारण मराठीत इथेच घोटाळा होतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर घरोघरी जे झालं ते "डोळे येणं". ती डोळ्याच्या वरच्या पातळ पापुद्र्याची साथ, आठवड्याभरात ओसरणारी. युव्हायटिस त्याच्या आत असतो. डोळ्याचा पांढरा जाड थर बाहेर, दृष्टिपटल म्हणजे रेटिना सगळ्यात आत, आणि या दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर, त्याला यूव्हिया म्हणतात. बुबुळातला रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. या थराला दाह झाला की डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. दाह मागच्या भागात असेल तर डोळा लाल होतही नाही, नुसते काळे ठिपके तरंगतात आणि धूसर दिसायला लागतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, किंवा रेटिनाच्या मध्यभागी सूज.

हा आजार मुख्यतः कमावत्या वयात होतो, साधारण विशी ते पन्नाशी. आपल्याकडचं २०१५ ते २०१९ मधलं राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षण मात्र पन्नाशीच्या पुढच्यांचं होतं. मोतीबिंदू मोजायचा तर ते बरोबरच आहे. पण तिशीत युव्हायटिस झालेल्या बाईला पस्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू झाला, तर ती त्या सर्वेक्षणात येतच नाही. आणि साठीत आली तरी तिची नोंद मोतीबिंदू म्हणून होण्याचीच शक्यता जास्त. मूळ कारण तिथे पुसलं जातं.

कारणांची यादी कशी बदलते

कारणांचा इतिहास भारताबाहेर सुरू करावा लागतो. १९४१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गायटन आणि वुड्स यांनी युव्हायटिसच्या ५६२ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात टीबीचा वाटा फार मोठा होता. डोळ्यातून जंतू काढून दाखवणं तेव्हा शक्य नव्हतं. त्वचेवरची ट्यूबरक्युलिन चाचणी पॉझिटिव्ह, डोळ्यात गाठी धरणारा दाह, दुसरं कारण सापडत नाही, मग टीबी. तर्क असा चालायचा.

मग १९५२ साली हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर यांनी शस्त्रक्रियेनं काढलेले आणि जपून ठेवलेले डोळे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. त्यातल्या कित्येकांवर आधी टीबी किंवा सिफिलिसचं लेबल होतं. ५३ डोळ्यांत त्यांना टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी दिसला. रुग्ण तेच, डोळे तेच, पण कारण बदललं. त्यानंतर अमेरिकेतल्या यादीत टीबीचा वाटा झपाट्यानं खाली गेला. त्यातला काही भाग टीबी खरोखर कमी झाल्यामुळे असेल, पण काही भाग निव्वळ लेबल बदलल्यामुळे. जुन्या नमुन्यांच्या बाटल्या फेकून न देण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे विभागाचं कपाट आवरायला निघालेल्यांना हे सांगून बघा.

हा प्रसंग डोक्यात ठेवून भारतात येऊ.

१९९६ साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयातून ज्योतिर्मय बिस्वास आणि सहकाऱ्यांनी १२७३ रुग्णांची मांडणी छापली. सगळ्यात जास्त, सुमारे ३९ टक्के, पुढच्या भागाचा दाह. टीबी एक टक्क्याहूनही कमी. २००४ साली चंदीगडच्या पीजीआयमधून १२३३ रुग्णांची मांडणी आली. तिथे संसर्गजन्य कारणांत टीबी पहिला, एकूण रुग्णांच्या सुमारे दहा टक्के. दोन्ही मोठी रुग्णालयं, रुग्णसंख्या जवळपास सारखी, आठ वर्षांचं अंतर, आणि टीबीच्या वाट्यात दहापटीहून जास्त फरक.

आता तुमच्या गाईडनं विचारलं, "हा फरक कशामुळे?" तर काय सांगाल? उत्तरेत टीबी जास्त आणि दक्षिणेत कमी, असं म्हणून सुटका होत नाही. टीबी तमिळनाडूतही भरपूर आहे. चंदीगडच्या गटानं याच काळात टीबीशी जोडलेली डोळ्याची लक्षणं बारकाईनं शोधायला घेतली होती. दृष्टिपटलाखाली सापासारखा पसरत जाणारा दाह टीबीमुळे असू शकतो, हे त्यांनी २००३ साली मांडलं. जो शोधतो त्याला सापडतं, आणि त्यात काही वाईट नाही. पण मग आकडा रोगाचा किती आणि शोधणाऱ्याचा किती, हा प्रश्न उरतो. पुढे २०१८ मध्ये चेन्नईच्याच केंद्रानं दोन दशकांची तुलना छापली तेव्हा तिथेही संसर्गजन्य कारणांचा वाटा वाढलेला होता. मधल्या काळात पीसीआर आणि रक्तावरची इंटरफेरॉन गॅमा चाचणी रोजच्या वापरात आली होती.

या रक्तचाचणीबद्दल दोन शब्द, कारण गडबड इथेच होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे, एवढंच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये असा सुप्त संसर्ग आढळला. म्हणजे रस्त्यावरून कोणतीही तीन माणसं उचलली तर एकाची चाचणी पॉझिटिव्ह येईल. युव्हायटिसच्या शंभर रुग्णांत तीस जण पॉझिटिव्ह आले, तर त्यातून टीबीचा संबंध सिद्ध होतो का? नाही होत, तेवढे तर असेही येणारच. तुलनेसाठी युव्हायटिस नसलेल्यांचा गट लागतो. १९४१ च्या ट्यूबरक्युलिनचं जे झालं तेच महागड्या किटनं पुन्हा होऊ शकतं.

तुलनेचा गट घेतला की चित्र कसं स्वच्छ होतं, याचं उदाहरणही शंकर नेत्रालयाचंच आहे. ईल्सचा आजार हा तरुण पुरुषांमध्ये दिसणारा, रेटिनाच्या शिरांना सूज आणून रक्तस्राव करणारा विकार. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० च्या सुमारास तो लिहून ठेवला. पुढे पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ झाला, भारतात मात्र राहिला. २००० साली माधवन, बिस्वास आणि सहकाऱ्यांनी अशा २३ रुग्णांच्या रेटिनावरून काढलेला पापुद्रा पीसीआरनं तपासला, ११ मध्ये टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला. दुसऱ्या विकारांच्या २७ नमुन्यांत तो ३ मध्ये सापडला. ११ हा आकडा एकटा असता तर मी त्याच्यावर फार विसंबलो नसतो. शेजारी ते ३ आहेत म्हणून त्याला अर्थ आहे.

नगरसाठी गणित करून बघू

आतापर्यंतचे सगळे आकडे रुग्णालयाच्या दारात मोजलेले. त्यात अंश आहे, छेद नाही. १२७३ रुग्ण किती लोकांमधून आले? सांगता येत नाही. चेन्नईला कोलकात्याहूनही लोक येतात.

छेद असलेला भारतातला पहिला महत्त्वाचा आकडा हैदराबादचा. एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या आंध्र प्रदेश नेत्ररोग अभ्यासात शहरातल्या निवडक वस्त्यांतल्या २५२२ लोकांची बाहुल्या मोठ्या करून तपासणी झाली. दंडोना आणि सहकाऱ्यांनी २००० साली त्यातली युव्हायटिसची बाजू छापली. चालू किंवा पूर्वी होऊन गेलेल्या युव्हायटिसच्या खात्रीशीर खुणा २१ जणांत होत्या. २१ भागिले २५२२ करून बघा, ०.८३ टक्के येतात. वय आणि लिंग यांचं प्रमाण जुळवल्यावर ०.७३ टक्के. सिनॉप्सिसमध्ये "भारतात ०.७३ टक्के" म्हणून फिरतो तो हाच आकडा, आणि त्याच्या पायाशी एका शहरातली २१ माणसं आहेत. त्यातली दोन-तीन इकडची तिकडे झाली असती तर आकडा हलला असता.

दुसरीकडे उत्तर कॅलिफोर्नियात २००४ साली ग्रिट्झ आणि वाँग यांनी एका मोठ्या आरोग्य विमा योजनेच्या सभासदांच्या नोंदींवरून एका वर्षातलं प्रमाण काढलं: एक लाखात ११५.३.

आता आपला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. हैदराबादचा दर लावला तर जिल्ह्यात सुमारे ३३ हजार लोक येतात. कॅलिफोर्नियाचा लावला तर सुमारे ५ हजार २००. जिल्ह्यात युव्हायटिस समजणारे किती डॉक्टर हवेत, किती स्टेरॉइडचे थेंब आणि इम्यूनोसप्रेसंट लागतील, हे ठरवायला बसलेल्या अधिकाऱ्याला आपण दोन कागद दिले, आणि त्यात सहापटीचा फरक.

कोणता खरा? दोन्ही आपापल्या जागी खरे. हैदराबादेत ज्यांना काहीच त्रास नव्हता त्यांचेही डोळे तपासले आणि भरून आलेले जुने व्रणही मोजले. कॅलिफोर्नियात जो डॉक्टरकडे गेला आणि ज्याच्या नोंदीत निदान लिहिलं गेलं, तोच मोजला. एका ठिकाणी "आयुष्यात कधीतरी झाला का", दुसऱ्या ठिकाणी "या वर्षी दवाखान्यात दिसला का". हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यामुळे "भारतात युव्हायटिस अमेरिकेच्या सहापट" असं वाक्य कुठे दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा. आणि माझी ३३ हजारांची बेरीजही कुठे उद्धृत करू नका, पाथर्डी-शेवगाव म्हणजे हैदराबाद नव्हे.

पूर, ऊस आणि मागून येणारा डोळा

भारतातल्या युव्हायटिसच्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा तुकडा मदुराईचा आहे. १९९३ च्या अखेरीच्या पावसात तिथे मोठा पूर आला. त्यानंतरच्या महिन्यांत अरविंद नेत्र रुग्णालयात एकाच पद्धतीचा दाह घेऊन रुग्ण यायला लागले. डोळ्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही भागांना सूज, रेटिनाच्या शिरांना दाह, काहींच्या डोळ्यात पू साचलेला. एस. आर. रथिनम आणि सहकाऱ्यांनी अशा ७३ रुग्णांचा अभ्यास १९९७ मध्ये छापला. कारण होतं लेप्टोस्पायरा. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात-चिखलात जाणारा आणि पायाच्या भेगांतून आत शिरणारा हा जंतू ताप आणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो डोळ्यात जातो हेही पुस्तकात होतं, पण कोपऱ्यात. मदुराईनं दाखवलं की पूर आला की ते कोपऱ्यातलं कारण मुख्य होऊ शकतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डोळ्याचा दाह तापासोबत येत नाही, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो. तोवर ताप विसरलेला असतो. मदुराईत हा धागा जुळला, कारण पूर एकाच वेळी आला होता, रुग्ण एकाच भागातले होते आणि ते एकाच दारात आले.

नगरच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत असं जुळेल का? पाथर्डी, जामखेड, शेवगाव भागातली जोडपी दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकातही. उसाचा फड, पाचट, उंदीर, ओली जमीन, कोयत्यानं कापलेले हात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९३० च्या दशकात ऊसतोड कामगारांमध्ये लेप्टोस्पायरोसिसच्या साथी आल्या होत्या, आणि तिथे उंदरांचा बंदोबस्त म्हणून तोडणीआधी फड पेटवून द्यायची पद्धत रुजली. आता विचार करा, फडावर पौषात ताप आला. तिथल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, उतरला. वैशाखात माणूस गावी परत आला आणि डोळा धूसर झाला. ताप एका जिल्ह्यातल्या कागदावर (कागद झाला असेल तर), डोळा दुसऱ्या. ज्याला विषय हवा आहे त्याच्यासाठी हा विषय आहे. फक्त "ऊसतोड कामगारांमध्ये लेप्टो युव्हायटिस जास्त" हे गृहीतक म्हणून लिहा, प्रस्तावनेत माहिती म्हणून नको.

चिकुनगुन्याचीही गोष्ट अशीच, पण थोडक्यात सांगतो. जामखेडच्या खाली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, तिचा अभ्यास केला. लोकसंख्येच्या ३७ टक्क्यांच्या आसपास लोक आजारी पडले होते. मग तीस-बत्तीस वर्षं शांतता. २००५-०६ मध्ये विषाणू परत आला, देशात जवळपास १४ लाख संशयित रुग्ण, त्यातले महाराष्ट्रात सुमारे २ लाख ७० हजार. या साथीत डोळ्यांचं काय झालं, याचे जगभर दाखले दिले जाणारे सुरुवातीचे लेख मात्र बेंगळुरू आणि मदुराईचे आहेत. बेंगळुरूच्या महेंद्रदास आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या लेखात नऊ रुग्ण आहेत: पाच जणांना बुबुळाच्या पडद्याचा दाह, तिघांना रेटिनाचा, एकाला वरच्या थरात गाठ. नऊच. पण युव्हायटिस क्लिनिक तिथे होतं, म्हणून ते नऊ दिसले.

दुसऱ्या दारातून

सगळे रुग्ण नेत्र रुग्णालयात येईपर्यंत थांबायचं, ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे ज्या आजारातून युव्हायटिस होतो त्या आजाराच्या दारात उभं राहायचं. बिस्वास आणि बद्रिनाथ यांनी १९९० च्या दशकात टीबीचे १००५ रुग्ण घेऊन त्यांचे डोळे तपासले होते, १.३९ टक्क्यांमध्ये टीबीशी संबंधित डोळ्याचा विकार सापडला. हा आकडा १९९६ च्या यादीतल्या टीबीच्या टक्केवारीशी ताडून बघायचा मोह होईल. तसं करू नका, दोन्हींचे छेदच वेगळे आहेत. पण टीबीच्या नोंदवहीत छेद आयता मिळतो, हा त्याचा मोठा फायदा. आता तर निक्षय पोर्टलवर तालुकानिहाय नोंदी असतात.

कुष्ठरोगात तर ही रीत जवळपास अपरिहार्यच. जंतू भरपूर असलेल्या प्रकारात बुबुळाच्या पडद्याला मंद दाह वर्षानुवर्षं चालतो, आणि नसा बधिर झाल्यामुळे दुखतच नाही. न दुखणारा डोळा घेऊन कोण पुण्याला जातो? तमिळनाडूतल्या कारिगिरीसह तीन देशांत झालेल्या पाठपुराव्यात दिसलं की बहुऔषध उपचार चालू असताना आणि संपल्यावरही डोळ्यांत नव्या गुंतागुंती होत राहतात. भारतानं २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग दहा हजारांत एकाच्या खाली आणला. नवे रुग्ण घटले, पण बरे झालेल्यांचे डोळे त्या आकड्यात येत नाहीत.

घरोघरच्या कामाचा वारसा आपल्याच जिल्ह्यात आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, आणि कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता सर्वांच्याच दवाखान्यात तपासलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. अंगावरचा बधिर चट्टा ओळखायला डॉक्टर लागत नाही, हे या बायकांनी दाखवून दिलं.

डोळ्याच्या आतला दाह मात्र स्लिट लॅम्पशिवाय दिसत नाही, त्यामुळे तिथे आधी प्रश्नावलीनं चाळणी करावी लागते. आणि प्रश्नावली करताना भाषा अडवते. मराठीत खुपऱ्या आहेत, रांजणवाडी आहे, वडस आहे, फूल पडणं आहे, डोळे येणं आहे. हे सगळे बाहेरून दिसणारे आजार, म्हणून त्यांना नावं मिळाली. युव्हायटिसला गावात नाव नाही. "तुमचे डोळे आले होते का?" असं विचारलं तर २०२३ ची साथ मोजली जाईल. "डोळ्याला सूज होती का?" म्हटलं तर लोक पापणीला हात लावतात. हा टप्पा सिनॉप्सिसमध्ये "टूल व्हॅलिडेशन" या दोन शब्दांत उरकला जातो. माझा सल्ला असा की त्याला निदान दोन महिने द्या. "एकच डोळा लाल होऊन उन्हात उघडवत नव्हता, चिपडं मात्र नव्हती, असं आठवड्याहून जास्त कधी झालं होतं का?" हे वाक्य जरा लांब आहे, पण आधी ज्यांना निदान झालेलं आहे अशा वीसेक जणांना ते विचारून बघा, आणि ते स्वतः कोणता शब्द वापरतात तो लिहून घ्या.